तळाशी जायचंय आणि वर यायचंय

मोठ्या माणसांना पोहायला शिकवणं म्हणजे निव्वळ डोकेदुखी. लहान पोरं परवडली. रडतील, नाकातोंडात पाणी जाईल, दुसऱ्या दिवशी आपणहून उडी मारतील. मोठं माणूस पाण्यात एकटं उतरतच नाही. कुणी गुडघा घेऊन उतरतं, कुणी सासूची बोलणी, कुणी 'लोक काय म्हणतील'. आधी ते सगळं काठावर ठेवून घ्यायचं, मग पाय मारायला शिकवायचं.

सकाळची बायकांची बॅच माझी. इथे एकच गोष्ट प्रत्येकीला वेगळी सांगावी लागते. बँकेतून निवृत्त झालेल्या काकूंना कारण हवं. माणूस तरंगतं ते का, हे पटल्याशिवाय पाय उचलणार नाहीत. कंडक्टरीणबाईंना कारण नको, आरडाओरडा हवा. "मारा पाय!" म्हटलं की मारलेच, मग शेजारणीला लागो नाहीतर भिंतीला. नर्सबाई तर दुसरीला धीर देता देता स्वतः शिकल्या. म्हणून सगळ्यात भित्री बाई मी मुद्दाम त्यांच्याच गळ्यात मारते.

टेलरबाई मात्र माझ्या कुठल्याच हिशोबात बसेनात. पन्नाशी उलटलेली, शाळेचे गणवेश शिवणारी बाई. पोहण्याचा पोशाख स्वतः शिवून आणलेला, कोपरापर्यंत बाह्या, आणि शिवण अशी सुबक की बाकीच्या पाणी सोडून तेच बघत बसल्या. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते तसं त्यांनाही विचारलं, "कशासाठी शिकायचंय?"

"मला पोहायचं नाही, बाई. मला तळाशी जायचंय आणि वर यायचंय."

"मग विहिरीची बादली व्हा की!" मी म्हटलं. सगळ्या खो खो हसल्या. त्या हसल्या नाहीत.

लोकांना पाण्यात तोंड घालायला लावताना माझ्या नाकी नऊ येतात. या बाईंनी पहिल्याच दिवशी पाण्याखाली डोळे उघडले. पण उताणं तरंगायला सांगितलं की अंगाचं लाकूड व्हायचं. आकाशाकडे बघतच नसत, मान वळवून खाली बघत. एकदा माझं डोकं फिरलं. "अहो, वर बघा! खाली काय पुरून ठेवलंय तुमचं?"

त्या मुकाट्याने बाहेर आल्या आणि कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिल्या. मी गेले समजूत काढायला. केस पिळत त्यांनी मला सांगितलं. लहानपणी घरामागे दगडाची जुनी खाण होती, पाण्याने भरलेली. धाकटी बहीण पाय घसरून आत गेली. टेलरबाई काठावर उभ्या. पोहता येत नव्हतं. एकदा हात वर दिसला, मग तोही नाही. माणसं धावत आली तोवर सगळं संपलं होतं.

"आई मला एका शब्दाने बोलली नाही हो. बोलली असती तर बरं झालं असतं."

"इतक्या वर्षांनी आता कशाला काढलंत हे?"

"नात आता तेवढीच झालीय. दिसायलाही तशीच. आंघोळ घालताना तिच्या डोक्यावर पाणी ओतता येत नाही मला. तांब्या हातात तसाच राहतो. सून बघते, बोलत नाही. वाटतं, एकदा, एकदाच खाली जाऊन आणता आलं, तर हात सुटेल माझा."

मी म्हटलं, "आणाल. मी शिकवते."

आमच्याकडे जीवरक्षकांच्या सरावासाठी एक रबरी बाहुला आहे, लहान मुलाएवढा. एरवी क्लोरीनच्या डब्यांमागे पडलेला असतो. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत तोच शहाणा, कधी कुरकुर करत नाही. तो मी बाहेर काढला. टेलरबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि पिशवीतली टेप काढून त्याचं माप घेतलं. दोन दिवसांनी फ्रॉक घेऊन आल्या.

"उघड्या बाहुल्याला उचलणं वेगळं, बाई. कापड पाणी धरतं, ओढतं."

म्हणणं बरोबर होतं, नाही कशाला म्हणू? फ्रॉकला दोन मोठे खिसे होते आणि खिशांत खडे. बहिणीला खडे गोळा करायचा नाद होता म्हणे.

त्यांना बुडी मारून वर यायला जमू लागलं, तेव्हा खोल बाजूला मी बाहुला सोडला. टेलरबाईंनी श्वास घेतला आणि गेल्या. मी मनात मोजत होते. वर येईनात. बुडबुडे थांबले. तशीच मी उडी मारली. खाली जाऊन बघते तर या बाई तळाशी मांडी घालून बसल्यात. फ्रॉकचं गळ्याजवळचं बटण सुटलं होतं, ते लावत होत्या. शांतपणे. दंडाला धरून ओढत वर आणलं आणि मी त्यांच्यावर अशी खेकसले की काकूंनी कानांवर हात ठेवले. "आधी वर आणायचं! बटण मग!"

"सवय हो," त्या खोकत म्हणाल्या. "उघडं बटण बघवत नाही."

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या आणि या वेळी आल्या. बाहुला छातीशी धरून, मी शिकवलं तसा हनुवटीखाली हात घालून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नर्सबाई तर रडायलाच लागल्या. टेलरबाईंनी बाहुला फरशीवर निजवला, फ्रॉक खाली ओढून नीट केला आणि पाण्याकडे बघत राहिल्या.

"आमच्या खाणीत पाणी याच्या निम्मं होतं," त्या म्हणाल्या. "किती सोपं होतं हो, बाई."

टाळ्या बंद पडल्या. मी इतक्या जणींना शिकवलं, वर आलेली प्रत्येक बाई हसतेच. यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. 'पोहता येत नव्हतं' या एका गोष्टीवर ही बाई इतकी वर्षं तगली होती आणि मी ती काढून घेतली, असं वाटलं. आजही वाटतं.

आता त्या येणार नाहीत अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. "परत टाका," म्हणाल्या. मी टाकला, त्यांनी आणला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता रोज तेच. बाकीच्या पोहतात, त्या खाली जातात, वर येतात, फ्रॉक पिळतात.

शेवटी काल मी विचारलंच. "नातीला आंघोळ घालता का?"

"घालते की. डोक्यावरूनसुद्धा. तिचं काही नाही आता, ती वरच आहे."

"मग बास झालं हे. आजपासून बाहुला नाही."

त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. दुकानात गिऱ्हाईकाला समजावतात तशा हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही टाकला नाहीत, तर ती वर यायची कशी?"

मी बाहुला उचलला आणि खोल पाण्यात टाकला.