उणे तीसचं जॅकेट

मुलीला लडाखात रस्त्याच्या कामावर इंजिनियरची नोकरी लागली, तेव्हा तिनं नागपूरहून एक जॅकेट आणलं. पट्टीवर लिहिलेलं, उणे तीसमध्येही चालतं. मी ते हातात घेतलं आणि माझं डोकंच फिरलं. फुगा होता नुसता! आत बोटभर कापूस नाही.

"हे काय थंडी अडवते? हवा भरून विकून राहिले लोकं," मी म्हणाले.

आमच्या पांढुर्ण्यात चार दिवस स्वेटर घालावं लागलं की लोक थंडीच्या गप्पा महिनाभर मारतात. पण कापसातलं आम्हाला कोणी शिकवायचं नाही, ही माझी घमेंड. घरच्या शेतातला कापूस सौंसरच्या पिंजाऱ्याकडून पिंजून आणला आणि हातानं जाड बंडी शिवली. पोरगी म्हणाली, "आई, घाम आला तर हे वाळत नाही." अतिशहाणी, मी मनात म्हटलं. आणि शेवटचं अस्त्र काढलं. "जॅकेटच्या आतून ही बंडी काढली तर तुले माझ्या गळ्याची शप्पत!" तिनं बंडी बॅगेत भरली. आईची शपथ मोडायची हिंमत आमच्या घरात कोणाची नाही.

जानेवारीतली दुपार होती. शेजारचे भाऊजी, फौजेतून निवृत्त झालेले, माझ्याकडे चहा पीत बसले होते. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. पुढे रस्त्यावर बर्फ कोसळलं होतं, ते पाहायला ती चढ चढून पायी गेली होती. घामाघूम होऊन परतली तर गाडी सुरूच होईना. दोन तासांपासून ती आणि ड्रायव्हर गाडीतच बसून होते. शब्द ओढून ओढून बोलत होती, झोपेत बडबडल्यासारखी.

"थंडी वाजते का, बेटा?"

"मघा लय वाजली. आता नाही वाजून राहिली."

माझा जीव भांड्यात पडला. "पाहा! बंडी कोणाची आहे?" मी भाऊजींना म्हटलं.

भाऊजींनी कप खाली ठेवला.

"वहिनी, हुडहुडी होती तोवर बरं होतं. ती थांबली म्हंजे अंग थकलं. कोणती बंडी? कापसाची?"

मी मान डोलावली.

"अवो, घामानं भिजलेला कापूस बर्फच होते! जॅकेट चांगलंच आहे, पण आत ओलं असल्यावर ते काय करन? काढाले सांगा तिले!"

"काढ ती बंडी!" मी ओरडले.

ती वेड्यासारखी हसली. "शप्पत आहे ना, आई."

"सुटली! सुटली शप्पत! ऐकून राहिली ना? काढ!" भाऊजी ड्रायव्हरला हिंदीत ओरडत होते, कोरडं काही दे, कंबल दे. तिचे डोळे मिटत होते. मग चित्र थिजलं आणि फोन कटला.

पुन्हा लागेना. मी घरभर फिरत नुसतं "सुटली, सुटली" म्हणत होते. तिनं ऐकलं असेल का? की माझं बोलणं तिथवर पोचलंच नाही, आणि ती मुकाट्यानं माझं ऐकत तशीच बसली असेल? पोरीनं किती सांगितलं होतं. मीच माझ्या हातानं शिवून तिच्या अंगावर मरण घातलं, असं मी भाऊजींना म्हणाले. ते पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले. त्यांनी एकदा तरी 'नाही' म्हणायला पाहिजे होतं.

ऊन कलल्यावर फोन वाजला. तो भाऊजींनीच उचलला. ड्रायव्हर होता. ओलं काढून, कोरड्या स्वेटरवर जॅकेट चढवून, मागून आलेल्या ट्रकनं त्यानं तिला कामाच्या छावणीत नेलं होतं. मग तिचा आवाज आला. दातावर दात आपटत होते.

"आई, लय थंडी वाजून राहिली गं."

"वाजू दे, माय, वाजू दे," मी म्हणाले, आणि भोकाड पसरलं.