हात दिसले पाहिजेत

माझ्या आत्याला आमच्या वस्तीत सगळे 'दांडीआत्या' म्हणतात. तिने आयुष्यात कामाला एकदाही दांडी मारलेली नाही. हे नाव पडलं ते मोबाइलच्या कोपऱ्यात रेंजच्या ज्या दांड्या दिसतात, त्यांच्यावरून. कोणाच्या घरात कोणत्या कंपनीच्या किती दांड्या येतात, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल.

त्याआधी बावीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डवर बसायची. डोक्याला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे. घाबरलेल्या माणसाचा 'हॅलो' आणि कंटाळलेल्या माणसाचा 'हॅलो' ती पहिल्या अक्षरातच ओळखायची. पुढे बोर्डाच्या जागी 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारं यंत्र आलं आणि आत्या घरी आली. आठ दिवस तिने भांडी घासली, कपाटं आवरली, आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. नवव्या दिवशी घराच्या पुढच्या खोलीत एक काचेचं काउंटर आणून ठेवलं आणि मोबाइलचं दुकान उघडलं.

दुकानात इतरांकडे असतं तेच होतं: कव्हर, चार्जर, इयरफोन, तिन्ही कंपन्यांची सिमकार्डं. वेगळी होती ती आत्या. "सगळ्यात चांगली कंपनी कोणती?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की ती म्हणायची, "तुमच्या घरी येऊन बघते, मग सांगते." आणि खरंच जायची. तिने एकाच बनावटीचे तीन साधे फोन घेतले होते आणि एकेका कंपनीचं सिम एकेकात घातलं होतं. कंपन्यांची लांबलचक नावं ती घेत नसे. फोनच्या कव्हरांच्या रंगांवरून हिरवी, जांभळी आणि करडी एवढंच. गिऱ्हाईक जिथे बसून बोलणार त्या खुर्चीत ती स्वतः बसायची आणि तिन्ही फोनांवरून आळीपाळीने माझ्या बाबांना फोन लावायची. बाबा तिचे धाकटे भाऊ, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी पलीकडून वर्तमानपत्र वाचायचं आणि कुठला शब्द गिळला गेला ते आत्याने वहीत टिपायचं.

"ताई, काल तू मला एकच हवामानाचा अंदाज नऊ वेळा वाचायला लावलास," बाबा तक्रार करायचे.

"मग? जांभळीवर 'तुरळक' ऐकू आलं, हिरवीवर नुसतं 'रळक'. यालाच तपासणं म्हणतात."

एकदा हिरव्या कंपनीचे एक साहेब दुकानात आले. त्यांनी काउंटरवर नकाशा पसरला. सगळं शहर हिरवंगार रंगवलेलं. म्हणाले, "बाई, बघा, एक टाचणीएवढी जागा सुटलेली नाही. तुम्ही लोकांना आमचंच सिम द्या."

आत्याने चष्मा लावून नकाशा नीट पाहिला. "साहेब, यात माझं न्हाणीघर कुठे आलं?"

"न्हाणीघर?"

"तिथे तुमची रेंज येत नाही. आणि मी आंघोळीला गेले की फोन हमखास येतो."

साहेबांनी नकाशा गुंडाळला. मी तेव्हा दुकानात होते. हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

अशा या आत्याच्या हातून एक चूक झाली, आणि ती नेमकी बाइंडरकाकांच्या बाबतीत.

बाइंडरकाकांचं दुकान आमच्या रस्त्याच्या टोकाला. कॉलेजांचे प्रबंध, कचेऱ्यांची दप्तरं, लोकांची फाटकी पुस्तकं ते बांधून देत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. बायको गेल्यापासून घरात ते आणि मुलगी. मुलीला ऐकू येतं, पण ती बोलायला शिकण्याआधी हातांच्या खुणा शिकली. दोघं रस्त्याने जाताना हातांनी अशा गप्पा मारत की समोरून येणारी सायकलसुद्धा त्यांना दिसायची नाही. त्या मुलीला दुसऱ्या शहरात प्रयोगशाळेत नोकरी लागली. ती गेली आणि आठवडाभराने काका आत्याच्या दुकानात आले. पुठ्ठा कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या त्यांच्या खिशात कायम असत. एका पट्टीवर लिहून त्यांनी पुढे केलं: 'मुलीशी रोज बोलायचं. कोणतं सिम?'

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांच्याकडे गेली. खळीच्या वासात, पुठ्ठ्यांच्या चळतींमध्ये बसली, तीन फोन काढले आणि अर्धा तास बाबांचं वर्तमानपत्र ऐकलं. काका समोर उभे राहून शांतपणे बघत होते. हिरवीच्या पाच दांड्या, आवाज घंटेसारखा खणखणीत. आत्याने लिहून दिलं, 'हिरवी. डोळे झाकून घ्या.'

चौथ्या दिवशी काका परत आले. फोन काउंटरवर ठेवला, शेजारी कागदाची पट्टी ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं: 'आवाज चांगला असेल. पण मला त्याचा उपयोग काय?'

आत्या मला नंतर म्हणाली, "अगं, कोणी कानफटात मारली असती तरी बरं वाटलं असतं. त्यांना ऐकू येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक, मला ठाऊक. आणि मी त्यांच्याच समोर बसून 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' करत होते!"

तिने दुकानाला कुलूप लावलं नाही, मला काउंटरवर बसवलं आणि त्याच संध्याकाळी सात वाजता, म्हणजे मुलीचा फोन यायच्या वेळेला, ती काकांकडे गेली. तिथे जे पाहिलं ते तिने घरी येऊन आम्हाला सांगितलं. पडद्यावर मुलीचा चेहरा आला, हात हलले आणि तिसऱ्याच खुणेला चित्र थिजलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा हात भलतीकडेच पोचलेले. बोटांच्या जागी नुसते पुसट चौकोन. काकांनी 'पुन्हा सांग' अशी खूण केली. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा थिजलं. तिसऱ्या वेळी काका हसून मान डोलवायला लागले.

"त्यांना काहीही कळलं नव्हतं," आत्या म्हणाली. "बोर्डवर बावीस वर्षं मी हेच ऐकलंय. लाइन खराब असली की माणूस दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा 'हो हो, बरं बरं' म्हणतो आणि फोन ठेवतो. मग रात्रभर विचार करत बसतो की काय म्हणाली असेल. काका हातांनी 'हो हो' म्हणत होते रे."

बाबा म्हणाले, "त्यांनी लिहून का नाही बोलायचं? मेसेज असतात की."

"मी विचारलं. त्यांनी काय लिहून दिलं माहितेय? 'लिहिण्यात निरोप मावतो. गप्पा नाही मावत.'"

आत्याने कानाला खडा लावला. आता कानाने काही तपासायचं नाही. पहिल्यांदा तिने मुलीला स्वतःच्या दुकानातून व्हिडिओ कॉल लावून पाहिला. चित्र स्वच्छ होतं, म्हणजे दोष मुलीच्या बाजूचा नव्हता. मग तिने नेटचा वेग मोजणारं ॲप माझ्याकडून शिकून घेतलं. आपल्याकडे येणारं नेट वेगळं आणि आपल्याकडून जाणारं वेगळं, हे तिला तेव्हा कळलं. सकाळी अकराला काकांच्या दुकानात हिरवीचे आकडे बघून डोळे दिपायचे. संध्याकाळी सातला येणारं नेट निम्म्यावर आणि जाणारं तर जवळजवळ बंद. कारण शोधायला ती छत्री घेऊन आसपास फिरली. हिरवीचा टॉवर होता मागच्या बाजूला असलेल्या मुलांच्या वसतिगृहावर. संध्याकाळी चारशे पोरं एकदम खोल्यांवर यायची आणि सगळीच्या सगळी त्या एका टॉवरला लटकायची. दांड्या पाचच्या पाच. पण दांड्या असून उपयोग काय, वाट मोकळी नको?

पण आकड्यांवरही तिचा पुरता विश्वास बसेना. जांभळीचा आकडा मोठा यायचा, पण मध्येच धाप लागल्यासारखं नेट थांबायचं. "आकडा सरासरी सांगतो," ती म्हणाली. "सरासरीला बोटं नसतात. मला हात बघायला हवेत." आणि हात बघायचे तर खुणा यायला हव्यात, नाहीतर काय गळलं ते कसं कळणार?

म्हणून वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी आत्या खुणा शिकायला लागली. काका शिकवायचे, दुपारी, खळ वाळेपर्यंतच्या वेळात. पंधरा दिवसांत तिला पन्नासेक खुणा आल्या. त्या तिने घरी येऊन बाबांना शिकवल्या, कारण पलीकडच्या टोकाला कोणीतरी हवं होतं आणि आमच्या घरी तारेचं नेट होतं, ते डगमगत नसे. आता सात वाजले की बाबा फोनसमोर ताठ उभे राहून हातवारे करायचे आणि आत्या दुकानात काकांच्या जागेवर बसून किती खुणा पोचल्या ते मोजायची, मग ती खुणा करायची आणि बाबा मोजायचे. काका तिच्या खांद्यावरून बघायचे. एकदा काका अचानक पोट धरून हसायला लागले. आत्याने फोन करून बाबांना विचारलं, "अरे, काय सांगितलंस तू?"

"मी? 'मी चहा पितो' म्हणालो."

"'मी कात्री पितो' म्हणालास!"

बारा संध्याकाळी हा उद्योग चालला. निकाल लागला तो कोणालाच पटण्यासारखा नव्हता. हिरवी पाच दांड्यांची, साठ खुणांपैकी पस्तीस पोचल्या. जांभळी सगळ्यात वेगवान, पण चाळिशीच्या पुढे गेली नाही. आणि करडी, जिला वस्तीत कोणी विचारत नव्हतं, जिच्या जेमतेम दोन दांड्या आणि वेग तिघींत कमी, तिच्यावर सत्तावन्न. ती हळू होती, पण अडखळत नव्हती.

काकांनी दोन दांड्यांकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. आत्याने लिहिलं, 'दांड्या बघू नका. हात बघा.'

तीन खुणा तरीही गळत होत्या आणि आत्याला चैन पडेना. मग तिच्या लक्षात आलं की दोष नेटचा नाहीच, बसायच्या जागेचा आहे. काका कापायच्या यंत्राजवळ, लोखंडी मांडणीला पाठ लावून बसायचे. दिवा पाठीमागे, त्यामुळे हात काळोखात. तिने बाबांना आणि मला बोलावून घेतलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचं शिवणीचं टेबल ओढत जिन्याजवळच्या खिडकीपाशी नेलं आणि काकांना दिव्याकडे तोंड करून बसवलं. टेबलाखालून दहा वर्षांपूर्वी हरवलेली, कागदांना भोकं पाडायची टोचणी निघाली. काकांनी ती कपाळाला लावली.

सात वाजता मुलीचा फोन आला. मीही तिथे होते. पहिली काही मिनिटं दोघं सावकाश, तोडून तोडून खुणा करत होते, जसं खराब लाइनवर माणूस ओरडून बोलतो. मग मुलीच्या लक्षात आलं की सगळं पोचतंय. तिचे हात जे सुटले! प्रयोगशाळा, घरमालकीण, बसमधलं भांडण. मला काही कळत नव्हतं, पण ती भांडणाऱ्या माणसाची नक्कल करतेय एवढं स्पष्ट दिसत होतं. काका मोठ्याने हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्या बाजूला उभी राहून पदराने चष्मा पुसत होती आणि म्हणत होती, "धूळ फार आहे बाई इथे."

फोन ठेवण्याआधी मुलीने कपाळावर दोन बोटं टेकवून आठी घातल्यासारखी खूण केली. काकांनी आत्याला लिहून सांगितलं: 'हे तुमचं नाव. तुम्ही फोनकडे अशा बघता.'

त्यानंतर ऐकू न येणारी माणसं लांबलांबून आत्याकडे यायला लागली. तिची तपासणीही बदलली. आता कोणी "सगळ्यात चांगली कंपनी कोणती?" असं विचारलं की ती उलट विचारते, "कोणाशी बोलायचंय? किती वाजता? कुठे बसून?" निकालही ती कायमचा देत नाही. दीड वर्षाने करडीवर गर्दी वाढली, तेव्हा ती स्वतःच काकांकडे जाऊन हातांनी म्हणाली, 'मी सांगितलेलं आता खरं राहिलं नाही. जांभळी घ्या.' काकांनी कुरकुर केली, पण घेतली.

गेल्या महिन्यात मुलीला घर बदलायचं होतं. तिने जागा बघायला वडिलांना बोलावलं आणि सोबत आत्यालाही. आत्या काकांसोबत सहा तास बसने गेली. पहिल्या घराचा मालक टाइल्स दाखवत होता आणि ही बाई तीन फोन घेऊन कोपऱ्याकोपऱ्यांत उभी. आमच्या घरी बाबा सांगितल्याप्रमाणे हातवारे करतच होते. पहिलं घर तिने नापास केलं. दुसरंही. त्या मालकाने वैतागून विचारलं, "बाई, तुम्हाला घर हवंय की टॉवर?"

"घरच हवंय," आत्या म्हणाली. "पण बापलेकीचं."

तिसरं घर लहान होतं, जिने तीन, नळाला पाणी बेताचं. पण स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी साठपैकी साठ खुणा पोचल्या आणि तिथे उजेडही चांगला होता. मुलीने तेच घेतलं. आत्या परत आली ती पाय सुजवून. मी गरम पाण्याचं घमेलं पुढे ठेवलं, तशी पाय बुडवून म्हणाली, "पोरगी आता पोळ्या लाटताना गप्पा मारायच्या म्हणतेय. लाटणं हातात धरून कसं बोलणार, हा प्रश्न तिचा. रेंजचा नाही."