पाठ केलेलं वाक्य

इंग्रजी मी सूड उगवायला शिकले. लोक नोकरीसाठी शिकतात, बढतीसाठी शिकतात. मला एका माणसाचं एक वाक्य त्याच्याच घरात बसून त्याला परत करायचं होतं, बस.

शहाऐंशी साली थोरल्या मुलीला बघायला जळगावची मंडळी आमच्या देवपूरच्या घरी आली. मुलाचे वडील अबोल होते, बोलणं सगळं मुलाच्या मामाकडे. हा मामा बँकेत साहेब. आमच्याकडे तेव्हा वरपक्षाबरोबर असा एखादा इंग्रजीवाला हमखास असायचा. मुलीकडच्यांना कळू नये ते त्यानं आपसात इंग्रजीत बोलायचं, आणि तेही त्यांच्याच बैठकीत बसून, त्यांचेच पोहे खाता खाता. मी साक्रीकडच्या खेड्यातली, सातवी पास. कपाळावर गोंदण, अंगावर लुगडं, टाचांना भेगा. मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. मामानं मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि मुलाच्या वडिलांना काहीतरी म्हणाला. दोघंही हसले. पाहुणे हसले म्हणून मीही हसले. निघताना त्यांच्या बायकांना हळदीकुंकू लावलं आणि पुन्हा या म्हटलं.

नकाराचं पत्र आलं त्या दिवशी मुलगी बोलली. ती बी.ए.ला होती, तिला तेव्हाच सगळं कळलं होतं. मामा म्हणाला होता, "गर्ल इज ऑल राइट. बट लुक ॲट द मदर." मुलगी ठीक आहे, पण जरा आईकडे बघा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी खरा घाव पुढेच बसायचा होता. दुसरे पाहुणे आले तेव्हा मी ट्रे उचलला, तर मुलगी खाली मान घालून म्हणाली, "आई, तू आत थांब." ट्रे शेजारच्या काकूंनी नेला. मुलीचं लग्न त्याच बैठकीत ठरलं आणि ते मी स्वयंपाकघरातून, पडद्याआडून ऐकलं. मुलीवर मला रागावता येईना. सगळा राग मी मामासाठी राखून ठेवला.

आमच्याच भागात, मारुतीच्या देवळामागच्या खोलीत, एक रिटायर झालेले हेडमास्तर मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे. दुपारी चार ते पाच. फी नाही, खडूसुद्धा त्यांचेच. मुलीला सासरी पाठवलं आणि पुढच्याच सोमवारी मी तिथं जाऊन बसले. वर्गात एक रिक्षावाला, एक भाजीवाली, कलेक्टर कचेरीतला एक शिपाई आणि मी. सरांनी प्रत्येकाला विचारलं, इंग्रजी कशासाठी हवंय? मी म्हटलं, "पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून." सर खूश झाले. "शाबास, अक्का," म्हणाले. मी खोटं बोलले नव्हते.

सरांची शिकवायची एक रीत होती. प्रत्येकानं घरून एक वाक्य आणायचं, सरांनी ते फळ्यावर लिहायचं, उच्चार सुधारायचे आणि मग सगळ्या वर्गानं ते एका सुरात दहा वेळा म्हणायचं. माझी पाळी आली तेव्हा मी तेच वाक्य दिलं. अर्धंच दिलं, शेवटचं. सरांना ते फार आवडलं. "वा! आईकडे पाहा. किती छान भावना आहे!" म्हणाले. मग रिक्षावाला, भाजीवाली, शिपाई सगळे खड्या आवाजात ओरडले, लुक ॲट द मदर, लुक ॲट द मदर. भाजीवालीच्या डोळ्यांत तर पाणी आलं, तिची आई नुकतीच गेली होती. मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. माझे उच्चार सरांनी तीन वेळा दुरुस्त केले.

दोन वर्षं मी एकही दिवस चुकवला नाही. औषधाच्या बाटल्या वाचायला लागले, तार वाचायला लागले. पुढं सर नव्या बायकांना एबीसीडी शिकवायला मलाच बसवायचे. ते सगळ्यांना सांगायचे, जिद्द बघा अक्कांची. जिद्द कसली, तो डूख होता. भाकरी थापताना, धुणं धुताना मी ते वाक्य पुटपुटत असे.

एक्क्याण्णव साली मुलासाठी स्थळं यायला लागली. एका स्थळाच्या कागदावर मुलीच्या वडिलांचं नाव वाचलं आणि मी ते पुन्हा वाचलं. तोच मामा. आता तो मुलीचा बाप होता आणि आम्ही मुलाकडचे. आमचे यजमान असली नावं विसरतात, मी विसरत नाही. मी कुणाला काही बोलले नाही. मुलाला फोटो आवडला होता. त्यानं तो डायरीत ठेवला आणि दिवसातून चारदा डायरी उघडायला लागला. ते मला दिसत होतं. तरी मी म्हटलं, बघून तर येऊ.

जळगावला त्यांच्या बैठकीत मामानं मला ओळखलं नाही. हात जोडून उभा राहिला, "घर तुमचंच समजा," म्हणाला. इंग्रजीचा एक शब्द नाही! मुलीच्या बापाला ते शोभत नाही ना. मुलगी येऊन पाटावर बसली. गोड होती, मलाही आवडली. मग आतून तिची आई पोहे घेऊन आली.

हनुवटीवर गोंदण. टाचांना भेगा. पदर दातात धरलेला. माझ्या माहेरच्या गल्लीतली वाटावी अशी बाई. म्हणजे घरात ही असताना हा माणूस मला तसं म्हणाला होता. माझा राग दुप्पट झाला. तिच्याकडे बघून मला थांबता आलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी थांबले नाही.

माझ्या मुलाकडे वळून, सरांनी शिकवलं होतं तसं स्वच्छ, मी म्हटलं, "गर्ल इज ऑल राइट. बट लुक ॲट द मदर."

मामाची बशी टेबलावर टेकली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि ओळखलं. इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. आजही आठवलं की बरं वाटतं, खोटं कशाला सांगू?

त्याची बायको मात्र हसली. पाहुणे काही बोलले म्हणून हसली. माझ्या बशीत आणखी पोहे वाढत म्हणाली, "आखो ल्या ना अक्का, बठ्ठं तसंच ऱ्हायनं." आणखी घ्या, सगळं तसंच राहिलंय. माझा मुलगा माझ्याकडे बघेना. पाटावरच्या मुलीनं मान वर केली होती आणि ती माझ्याकडेच बघत होती. तिला इंग्रजी येत होतं.

आम्ही उठलो. मुलगा आधीच खाली उतरला. मी दारात चपला घालत होते. मुलीची आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन लगबगीनं मला कुंकू लावायला निघाली होती. मुलगी तिच्या आडवी आली. आवाज हळू होता, पण मला ऐकू आला.

"आई, तू आत थांब."

मी तशीच, कुंकू लावून न घेता, पायऱ्या उतरले.