येरमाळ्याचा दौरा

मित्रांनो, आज दुपारी खरं काय घडलं ते लिहितोय. साहेबांना कळलं तर कळू दे.

आज आमचे साहेब सरकारी गाडीतून बायको-मुलीला घेऊन येरमाळ्याला येडेश्वरी देवीच्या दर्शनाला निघाले. सोबत मी, त्यांच्या ऑफिसातला कारकून. देवदर्शनाचा 'दौरा' व्हावा म्हणून वाटेत एखाद्या अंगणवाडीत डोकवायचं आणि मी फोटो काढायचा, हे आमचं नेहमीचंच.

आज ज्या अंगणवाडीत थांबलो, तिथल्या मदतनीस मावशींनी उरलेली खिचडी घरी न्यायला डब्यात भरली होती. साहेब कडाडले, "सरकारी धान्य घरी नेता? लाज वाटत नाही?" मावशींनी झाकण लावून डबा बाजूला ठेवला.

तेवढ्यात साहेबांची मुलगी गाडीतून उतरली आणि भूक लागली म्हणून रडायला लागली. मावशींनी तोच डबा उघडला. "खाऊ द्या साहेब. देवळात लई गर्दी हाय, लेकरू उपाशी कसं ऱ्हाईल?"

मुलीनं पोटभर खाल्लं. आता मात्र साहेबांना सरकारी धान्य आठवलं नाही.

मी फोटो काढला. मुलगी आणि डबा कापून इथंच, आपल्या ग्रुपवर टाकला: 'साहेबांची अंगणवाडीला अचानक भेट.'

त्याखाली तुमच्यातल्या कितीतरी जणांनी 'अभिनंदन साहेब' लिहिलंय. पहिलं अभिनंदन माझंच आहे.