लेकीच्या घरचा नळ

आमच्या स्वयंपाकघरातलं गरम पाणी बंद झालं, तेही एकदम झालं नाही. एकदम झालं असतं तर निदान कुणावर तरी ओरडता आलं असतं. आधी धार बारीक झाली, मग करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी, आणि फेब्रुवारीतल्या एका गार सकाळी मी तुपाचं पातेलं घेऊन उभी, तर नळ टिप टिप टिप. शेजारची गार पाण्याची चावी फिरवली की धो धो. बाथरूमात गरम पाणी झकास. गच्चीवरचा सोलर झकास. म्हणजे अख्ख्या घराला गरम पाणी मिळतंय, फक्त अर्धा दिवस त्या सिंकपाशी उभी राहणारी बाई सोडून!

प्लंबरला फोन केला. "आलोच ताई," तो म्हणाला. बारामतीतलं हे 'आलोच' बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. ऐकताना वाटतं, माणूस दारात चप्पल काढतोय. सोमवारी तो आलोच होता. मंगळवारी काटेवाडीतल्या एका बंगल्याचं काम आटपून आलोच होता. बुधवारी फोनमध्ये मोटारसायकलचा आवाज ऐकू येत होता, "निघालोय ताई, आलोच!" त्या मोटारसायकलवरून तो कुठं गेला देव जाणे, आमच्याकडं काही आला नाही.

आणि तो यावा असं माझ्याशिवाय घरात कुणालाच वाटत नव्हतं, हा खरा ताप. आमचे हे सकाळी बँकेत इंदापूरला जातात ते संध्याकाळी उगवतात. "तात्या आहेत ना, बघतील," एवढं बोलून मोकळे. तात्या म्हणजे माझे वडील. वालचंदनगरला साखरेच्या कंपनीत फिटर होते, उभी हयात वाफेचे पाइप जोडण्यात गेली. त्यांचं म्हणणं एकच. "मी घरात असताना प्लंबर कशाला? हसतील लोक."

तात्या आमच्याकडं कसे आले ते सांगायला हवं. आई गेल्यावर ते इंदापूरच्या घरात एकटेच राहायचे. भाद्रपदात न्हाणीघरात घसरून पडले आणि तसेच पडून राहिले. दूधवाल्यानं हाका मारल्या, ओ आली नाही, तेव्हा कुठं शेजाऱ्यांना कळलं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, यांना एकटं ठेवू नका. मला भाऊ नाही. मी त्यांना घेऊन आले. पण पाच महिने झाले तरी तात्या आमच्याकडं राहतात असं काही मला म्हणता येईना. बापानं लेकीच्या घरी राहायचं नसतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझे आजोबा म्हणे सांगवीला आत्याकडं जायचे तेव्हा पाण्याचा तांब्यासुद्धा घरून भरून न्यायचे, लेकीच्या घरचा घोट घ्यायचे नाहीत.

तात्या तेवढे कडक नाहीत. जेवतात. पण जेवतात कसे, तर ओळखपाळख नसलेल्या लग्नात पंगतीला बसल्यासारखे. "अजून एक पोळी?" "नको, झालं." "भाजी कशी झालीय?" "छान हाय." रोज छान. माझी करपलेली भेंडी छान, भाकऱ्या करायला येणाऱ्या मावशींच्या हातची कच्ची भाकरी छान. मी त्यांच्यासाठी कपाटाचा खण रिकामा केला, त्यात त्यांनी नुसती छत्री ठेवली. कपडे पिशवीतच. बसायचे ते दाराजवळच्या स्टुलावर, कधीही उठून जाता येईल असे.

आणि मीही त्यांच्याशी गोडगोड. माझा स्वभाव गोड नाही, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण आवाज चढला आणि ते इंदापूरला निघाले तर? परत ते न्हाणीघर, परत ते एकटे, आणि दूधवाला काही रोज हाका मारत बसणार नाही. त्या धास्तीनं मी पाच महिने नुसती 'हो तात्या, बरं तात्या' करत होते. जीव मेटाकुटीला आला होता माझा.

बसून खाणं त्यांना सोसत नव्हतं, म्हणून ते दुरुस्त्या करायचे. दाराची कडी, शेगडीचा पाय, खिडकीची बिजागरी. जे बिघडलं नव्हतं तेही दुरुस्त करून झालं. संक्रांतीच्या आसपास सिंकखालची गरम पाण्याची नळी थेंब थेंब गळत होती, तीही त्यांनीच काढली, पांढरी टेप गुंडाळली आणि आवळून बसवली. "आता तुला नातवंडं झाली तरी गळायची न्हाय." गळाली नाही, हे मात्र खरं.

तर आता हा नळ. पहिल्या दिवशी तात्या पाटावर बसून सिंकखाली शिरले आणि मी टॉर्च धरला.

"उजेड हिकडं."

"हिकडं म्हणजे कुठं तात्या?"

"अगं हिकडं, माझ्या हाताकडं."

हात तर दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती. शेवटी निदान झालं. बोअरचं पाणी जड, क्षार बसलाय. नळाच्या तोंडाची जाळी काढून ती लिंबाच्या रसात बुडवली. लिंबं कुठली, तर मी लोणच्याला आणलेली, सगळी! जाळी चकचकीत झाली, धार होती तिथंच. मी शक्य तितक्या मवाळ आवाजात म्हटलं, "तात्या, गार पाणी त्याच जाळीतून येतंय ना? मग क्षार फक्त गरम पाण्यालाच कसा अडवेल?" ते पाना पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी चावीच्या आतला दांडा काढला, घासला, परत बसवला. काही नाही. तिसऱ्या दिवशी दोष सोलरवर गेला, आणि मी दळण घेऊन येते तर हा न्हाणीघरात घसरून जेमतेम वाचलेला माणूस गच्चीवर टाकीला शिडी लावून उभा! "उतरा खाली!" हे शब्द अगदी जिभेवर आले होते. मी म्हणाले काय, तर "सांभाळून हं तात्या." मी बाथरूममधून गरम पाण्याच्या बादल्या स्वयंपाकघरात वाहत होते. असे नऊ दिवस.

दहाव्या दिवशी प्लंबर आला. न सांगता, न कळवता, ऐन फोडणीच्या वेळेला. तात्या उठून भिंतीशी उभे राहिले. त्यानं आधी नळीचं खालचं टोक सोडवलं, भिंतीतल्या कॉकखाली बादली धरली. गरम पाणी धाडकन आलं. "हितवर पाणी हाय," तो म्हणाला. मग नळीचं वरचं टोक सोडवलं, आत बारीक तार घातली, आणि शेवई ओढावी तशी पांढरी टेप बाहेर ओढली. टेपेचा चांगला बोराएवढा गोळा.

"ही कुणी गुंडाळली वो ताई? हितं आत रबरी वायसर असतो, टेप लागतच न्हाय. आणि गुंडाळली ती बी किती! तोंडावरनं आत गेली, तुटली, पाण्याबरोबर वर जाऊन बसली."

मी तात्यांच्या मागून त्याला हातवारे करत होते. डोळे मोठे केले, मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. नऊ दिवस फोन करून ज्याला काही कळलं नव्हतं, त्याला हे मात्र पटकन कळलं. "म्हंजे, क्षार बी हाय हां आबा. मेन क्षारच हाय."

तात्यांनी वाकून तो गोळा उचलला. दोन बोटांत धरून सोडवला, ताणून बघितला.

"बारा फेर," ते म्हणाले. "वाफेच्या पाइपाला आमी बारा घालायचो. हात तेवढेच घालतो." मग प्लंबरकडं बघून, "मीच गुंडाळली. क्षारबिर काय न्हाय."

प्लंबर नळी जोडून गेला. गरम पाण्याची भसाभस धार लागली होती आणि आम्ही दोघं ती बघत उभे. तात्यांनी पाना पिशवीत ठेवला.

"सकाळच्या गाडीनं इंदापूरला जातो," ते शांतपणे म्हणाले. "तुझ्या उपयोगाचं तर काय झालं न्हाय, वर काम वाढवून ठेवलं."

आणि माझं डोकं फिरलं.

"जातो? जातो म्हणजे? नऊ दिवस बादल्या वाहून माझी कंबर गेली, लोणच्याची लिंबं गेली, त्या शिडीवर तुम्हाला बघून माझा जीव गेला होता, आणि आता बिघडवून ठेवून वर निघालात? अजिबात जायचं नाही! बिघडवलंत ना? मग बसा इथंच! लहानपणी तुमच्या घरात मी काय कमी मोडलं? तुमचा रेडिओ पाण्याच्या बादलीत टाकला, तेव्हा मला कुठल्या गाडीत बसवून दिलंत? दोन धपाटे घातलेत आणि जेवायला वाढलंत! मोडतोड केली म्हणून घरचा माणूस घर सोडून जातो का? बोलणी खातो आणि राहतो! तेव्हा खा बोलणी! आणि रोज काय ते छान हाय, छान हाय! करपलेल्या भेंडीला छान म्हणणारा माणूस मला घरात नकोय!"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मी चरकले. शेजारणीच्या खिडकीतला टीव्ही बंद झाला होता. डोळ्यांतून पाणी कधी आलं कळलं नाही. संपलं, आता हे जाणार, असंच वाटलं मला.

तात्यांनी पान्याची पिशवी खाली ठेवली.

"झालं बोलून?"

"नाही झालं."

"मग बोल. पण आधी चहा टाक."

पाच महिन्यांत त्यांनी माझ्याकडं काहीएक मागितलं नव्हतं. मी नाक ओढत पातेलं गॅसवर ठेवलं. ते स्टुलावर गेले नाहीत. टेबलाची खुर्ची ओढून बसले, ऐसपैस.

"आणि साखर घाल जरा नीट. आख्खा जन्म साखरेच्या गावात काढला मी. पाच महिने झालं, तुझा हा फिक्का चहा गिळतोय."

मी साखरेचा डबाच त्यांच्यापुढं आदळला. कप आला तेव्हा त्यांनी आपल्या हातानं तीन चमचे घातले, ढवळलं, फुर्र करून घोट घेतला आणि म्हणाले, "आमटीला बी तुझ्या चव नसती."