कोरडी मोरी

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या एका सहा मजली बिल्डिंगचा सुपर, म्हणजे देखभाल बघणारा सुपरिंटेंडंट होतो. नावाला सुपर. नळ गळाला, बॉयलर बंद पडला, कुणाची किल्ली हरवली, की सगळे माझ्याच दारात. पगार बेताचा, पण राहायला तळघरातलं घर फुकट. नागपूरला मी सिव्हिलचा डिप्लोमा केला होता आणि त्यातला सांडपाण्याचा पेपर मला चांगला गेला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी जी अक्कल पाजळली ती अडाण्याची नव्हती.

वडील गेल्यावर आईला मी कायमची घेऊन आलो. तिच्या बॅगेत बुद्धाची लहानशी मूर्ती, सुकटीची पिशवी आणि एक खराटा निघाला. खराटा कशाला आणलास, म्हणून मी वैतागलो. ती म्हणाली, "तुमच्याकडे मिळतो का?" मिळत नव्हता.

आमच्या दारासमोरच लाँड्री रूम होती. कपडे धुण्याची दोन मशिनं, मागे बॉयलर आणि मधोमध जमिनीत एक लोखंडी जाळी. आईच्या लेखी ती मोरी. रोज सकाळी अंघोळ झाली की बादलीभर पाणी घेऊन ती तिथली फरशी खसाखसा धुवायची आणि पाणी जाळीत लोटायची. नागपुरात आमच्या वस्तीवरून जाताना लोक नाकाला रुमाल लावायचे. आमच्या घराला वास नव्हता, तो त्यांच्या डोक्यात होता. तरी आईने जन्मभर दारापुढची मोरी लख्ख ठेवली, कुणाला बोलायला जागा नको म्हणून.

एकदा एक भाडेकरू बाई ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचली. झालं, मी आईवर डाफरलो. "इथे फरशी धूत नाहीत, पुसतात. सगळं कोरडं ठेवायचं असतं. माझी नोकरी घालवतेस का?" त्या दिवसापासून खराटा दारामागे उभा राहिला.

थंडी पडली, बॉयलर दिवसरात्र चालायला लागला आणि थोड्याच दिवसांत वास सुरू झाला. सडक्या अंड्यांसारखा. आधी तळघरात, मग लिफ्टच्या वाटेने वर. मी पाइपांभोवतीच्या फटी बुजवल्या. मैल्याच्या टाकीच्या झाकणाला नवं रबर लावलं. बर्फात गच्चीवर चढून हवेचा पाइप तुंबलाय का पाहिलं. काही उपयोग नाही. रोज जिन्यात तीच वाकडी नाकं, रोज त्याच तक्रारी. मी इतका थकलो होतो की कुणी कसलंही कारण हातात ठेवलं असतं तरी घेतलं असतं. ते मालकाने ठेवलं. हा तुझ्या आईच्या स्वयंपाकाचा वास आहे, तो म्हणाला. महिनाअखेरपर्यंत एक तर वास जाईल, नाहीतर तुझी आई.

मला राग यायला हवा होता. आला नाही, याची आजही लाज वाटते. मी तडक घरात गेलो, सुकटीची पिशवी उचलली आणि बाहेर कचऱ्यात टाकून आलो.

"आई, फोडणी बंद. लसूण नाही, हिंग नाही. लोकांना आपला वास येतो."

'आपला' म्हणालो मी. आईने गॅस बंद केला. त्यानंतर आमच्याकडे दहीभात नाहीतर ब्रेड. ती दिवसातून दोनदा अंघोळ करायला लागली. मला ते दिसत होतं, पण मी विचारलं नाही.

दोन आठवडे गेले. वास तसाच. शेवटी मी हात टेकले आणि आईचं शनिवारचं परतीचं तिकीट काढलं. "बरं केलंस," ती म्हणाली, "तुला माझ्यापायी त्रास नको." तिने बॅग भरायला घेतली. खराटा भरला नाही.

गुरुवारी लाँड्री रूममध्ये पुसायला वाकलो, तर जाळीत खराट्याचा एक हीर अडकलेला दिसला. तो ओढायला तोंड खाली नेलं आणि भपकारा थेट नाकात शिरला. जाळी काढून आत बॅटरी मारली. खालचा वाकडा पाइप ठणठणीत कोरडा. त्या वाकात कायम पाणी साचलेलं असावं लागतं, तेच गटाराचा वास अडवतं. मशिनांचं पाणी दुसऱ्या पाइपाने जायचं. या जाळीत रोज पाणी घालणारं बिल्डिंगमध्ये एकच माणूस होतं, आणि त्याला मी थांबवलं होतं. उरलंसुरलं पाणी बॉयलरच्या उष्णतेने आटलं. पेपरात हा प्रश्न मी आकृतीसकट सोडवला होता.

बादलीभर पाणी ओतलं. वर वाटीभर गोडंतेल सोडलं, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. शुक्रवारी सकाळपर्यंत वास गेला. मालकाला जाळी दाखवली. मग राहू दे तिला, असं म्हणून तो निघून गेला. मला भांडायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं.

घरात आलो तर आई बॅगेची चेन ओढत होती. तिला मी सगळं सांगितलं. वास तुझ्या स्वयंपाकाचा नव्हता. तू मोरी धुवायचीस म्हणूनच इतके दिवस येत नव्हता. चूक माझी झाली. तिकीट कॅन्सल करतो, तू कुठेही जायचं नाहीस.

तिने पदर नाकाशी नेऊन हुंगला.

"म्हणजे माझा वास येत नाही ना रे?"

"नाही गं आई," मी म्हणालो.

तिने पदर पुन्हा एकदा हुंगून पाहिला.