नातीच्या विमानाचे तपासनीस

विमानाला न घाबरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण विमानानेच ज्यांना वचकून राहावं असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते नेमके माझे सासरे निघाले. नाशिकजवळच्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. पंखावरून त्यांनी नुसती तर्जनी फिरवली तरी सैल रिव्हेट आपण होऊन कबुली देत असे, असं ते स्वतः सांगतात. मला ते खरं वाटतं, कारण मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडेही तसंच पाहिलं होतं. गंमत अशी की एवढी विमानं पास केली, पण त्यांतल्या एकातही त्यांना बसायला मिळालं नाही. ती लढाऊ विमानं. यांनी सही करायची आणि बाजूला व्हायचं.

दर दोन-तीन वर्षांनी ते क्राइस्टचर्चला, रिकार्टन भागातल्या आमच्या घरी सहा महिने येतात आणि चाकं असलेली एकही वस्तू तपासल्याशिवाय हलू देत नाहीत. आम्ही सगळे पट्टे लावून गाडीत बसलेले असतो आणि हे बाहेर गाडीला प्रदक्षिणा घालत असतात. टायरला टिचकी, आरशाला टिचकी, मग खाली वाकून पोटाखाली नजर. त्यांच्या पहिल्या खेपेला शेजारचा गोरा म्हातारा रोज हे पाहून शेवटी कुंपणापाशी आला आणि गाडी विकायची असेल तर आधी मला सांगा, म्हणाला. ऑकलंडहून येताना त्यांना पंखाजवळची खिडकी मिळाली, तेव्हा "तिसऱ्या ओळीतला सातवा रिव्हेट हल्लीच बदललेला दिसतोय," असं त्यांनी शेजारच्या बाईंना इंग्रजीत, अगदी कौतुकाने सांगितलं. बाईंनी जागा बदलून घेतली. "लोकांना चांगल्या कामाची कदरच नाही हो," असं ते घरी येईपर्यंत म्हणत होते.

माझ्या मुलीला, रेवाला, हा रोग त्यांच्याकडूनच लागला. ती पाच वर्षांची असताना आमच्या जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक लागल्या आणि स्वयंपाकघरातलं लाटणं विमानाचा दांडा म्हणून जप्त झालं. पोळ्यांसाठी ते बायकोला विनंतीवरून मिळे. रेवा इथेच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की इंग्रजी. आजोबा मागच्या खुर्चीवरून गरजायचे, "डावा पंख?" ती ओरडायची, "चेक्ड!" "इंधन?" "फुल!" "आईची परवानगी?" "नॉट रिक्वायर्ड!" हे विमान दिवसातून चार वेळा नाशिकला जाऊन येई आणि मधल्या वेळात आम्ही ओट्याशी उभे राहून जेवत असू.

गेल्या खेपेला सासरे आले तेव्हा रेवा नुकतीच सोळाची झाली होती आणि गावाबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर खरंखुरं विमान शिकत होती. तिचे शिक्षक लाल दाढीचे, सहा फुटी, पायात कायम जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. सासरे त्यांना 'मास्तर' म्हणत. मास्तरांनी सांगितलं की पोरगी तयार आहे, वारा पडला की एकटीला सोडतो. आणि वारा पडेना! इकडे नॉर्वेस्टर म्हणून एक गरम, पिसाट वारा सुटतो, तो सुटला. सासऱ्यांचं परतीचं तिकीट गुरुवारचं होतं. पुढच्या वेळी एवढा लांबचा प्रवास करायचा की नाही हे आता डॉक्टर ठरवणार होते, त्यामुळे हे पाहायचं तर याच खेपेला, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि बोलत कोणीच नव्हतं.

सासऱ्यांनी वाऱ्यावर पहारा बसवला. एका सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळवायच्या दांड्यावर माझ्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याचा एक पाय फुगून आडवा फडफडत होता. "बाबा, हा माझा नवा पायजमा आहे," मी म्हणालो. "होता," ते म्हणाले, "आता तो वारा सांगतो." आठ दिवस तो पाय आडवाच राहिला. सासरे बॅग भरायला घेतली की पुन्हा उपसत. मंगळवारी सकाळी त्यांनी मला हलवून उठवलं. "जावईबापू, पायजमा पडला!" बाहेर पाहिलं तर खरंच, तो शहाण्यासारखा सरळ खाली लोंबत होता.

धावपट्टीवर रेवाने मास्तरांबरोबर तीन फेऱ्या मारल्या आणि विमान आम्ही उभे होतो त्या कुंपणाजवळ आणून बंद केलं. मास्तर उतरले, म्हणाले, "ऑल युवर्स." रेवाने दारातून मान बाहेर काढली आणि आनंदाच्या भरात, वर्षातून एकदा सुचतं तसं, मराठीत ओरडली, "आजोबा, मी जाते!" आणि दार लावलं.

सासरे पांढरे पडले. आयुष्यात गाडीला त्यांनी लिंबू-मिरची बांधू दिली नाही, मांजर आडवं गेलं तर ते मांजराचा वेग मोजतात. पण निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, ही गोष्ट त्यांच्या लेखी श्रद्धेत नव्हे, सुरक्षेच्या नियमांत येत असावी. तोवर पंखा फिरू लागला होता. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. ही खूण जगातल्या प्रत्येक विमानतळावर एकच आहे: थांबा. रेवाने खटकन इंजिन बंद केलं. मास्तर जँडल्स फटफटवत धावत आले. बत्तीस वर्षांचा तपासनीस थांबा म्हणतोय म्हटल्यावर त्यांचाही रंग उडाला होता.

"व्हॉट्स रॉंग विथ द एअरक्राफ्ट?"

"नो, नो सर," सासरे म्हणाले, "एअरक्राफ्ट ओके. ग्रामर नॉट ओके."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. तरी मी कसंबसं समजावलं की आमच्यात 'मी जाते' म्हणत नाहीत, 'मी येते' म्हणतात. मास्तरांनी दाढी खाजवली. "फेअर इनफ," ते म्हणाले, "आय'ड क्वाइट लाइक हर टु कम बॅक टू." मग ते विमानापाशी गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "रेवा, से 'येटे'."

"ओ सॉरी, आजोबा! येते! येते! येते!"

"एकदा पुरे! समोर बघ!" सासरे ओरडले.

विमान उडालं आणि त्याच क्षणी माझ्या सासऱ्यांनी धावपट्टीकडे पाठ फिरवली. मी पाहतच राहिलो. माझं मनगट त्यांनी असं धरलं होतं की चार दिवस वळ राहिला. "कुठे आहे?" "डावीकडे वळतेय, बाबा." "पंख?" "दोन्ही आहेत." "आता?" "खाली येतेय." मला विमानातलं काही कळत नाही, पण त्या पाच-सहा मिनिटांत मी जे दिसेल ते सांगत सुटलो, कारण मी थांबलो की त्यांचा श्वासही थांबत होता. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. "टेकली, बाबा. थांबलीसुद्धा." इतकं हलकं मला लेक जन्मली त्या दिवशी वाटलं होतं, त्यानंतर आत्ताच. सासरे आहेत तिथे गवतावर बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "थर्मासमध्ये चहा आहे ना? मग वाट कसली बघताय?"

चहा झाल्यावर ते मास्तरांकडे गेले आणि आपल्याला बरोबर घेऊन रेवा कधी उडू शकेल, ते विचारलं. लायसन्स मिळाल्यावर, मास्तर म्हणाले, वर्ष तरी लागेल, कदाचित दीड. सासऱ्यांनी थोडा विचार केला. "लहान विमान. वजनाचा प्रश्न येणार. ठीक आहे, मी आहे तेवढाच राहतो."

गुरुवारी ते गेले. आता दर रविवारी नाशिकहून फोन येतो. ते 'कसे आहात' विचारत नाहीत, आधी आकडा सांगतात: "बासष्ट किलो." रेवा म्हणते, "स्वीट अ‍ॅज, आजोबा," म्हणजे इथल्या बोलीत झकास. डॉक्टर काय म्हणाले हे ते सांगत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. गेल्या रविवारी मात्र ते म्हणाले, "एकोणसाठ." रेवाने फोन कानाशी घट्ट धरला. मग एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "आजोबा, तुम्ही नीट जेवा. मी विमानात तुमच्या सीटचं वजन बासष्ट पकडलं आहे."